जपानी गुरुजींचा सरदार

आमच्या पाड्यावरचे जपानी गुरुजी कुठेही निघाले की आधी माणसं मोजायचे. लग्नाला, मयताला, अगदी खोडाळ्याच्या बाजाराला जाणाऱ्या जीपमध्येसुद्धा. "माणसं किती?" असं विचारल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे. आम्ही पोरं पाठीमागे त्यांची नक्कल करायचो.

जपान त्यांनी पाहिला नव्हता. जव्हारपलीकडे ते फारसे गेलेच नव्हते. पण त्यांच्याकडे कव्हर फाटलेलं एक पुस्तक होतं आणि त्यातल्या एका जपानी सरदारावर त्यांचा भारी जीव. गणिताचा तास बुडवून ते त्याची हकिकत सांगत. लहानपणी तो शत्रूकडे ओलीस राहिला, पुढे लढाया मारून त्यानं गढी मिळवली. शेवटी शत्रूनं बांध घालून नदीच गढीभोवती फिरवली. "तेव्हा सरदारानं काय विचारलं?" गुरुजी थांबत. सगळा वर्ग ओरडे, "आत माणसं किती?" मग सरदार एकटाच होडीत बसून गेला. "माझा जीव घ्या, माझी माणसं सोडा," असा करार त्यानं केला नि पाळला. इथं गुरुजींचा आवाज दर वर्षी बसायचा.

गेल्या श्रावणात भाताच्या बांधावर गुरुजींना घोणस चावली. आम्ही चौघांनी बांबूला घोंगडी बांधून डोली केली आणि धावत सुटलो. नदीवर पूल नाही; तो दर निवडणुकीत येतो आणि मतं घेऊन जातो. पलीकडे गाडी उभी होती, मधे दुथडी पाणी. माझा चुलतभाऊ लक्ष्या कमरेपर्यंत शिरला आणि वाहून जाता जाता वाचला. आम्ही त्याला ओढून काढला.

डोलीतून आवाज आला, "माणसं किती?"

"चौघं, गुरुजी," लक्ष्या म्हणाला. "गप पडून ऱ्हावा. आमी नेतो ना."

"चौघांच्या घरी पोरं आहेत. मला खाली ठेवा."

मी रडलो, हातापाया पडलो. "ठेव म्हणतो ना!" वर्गातला तोच दरारा. तिशीतला बाप्या मी, पण खांदा आपोआप वाकला. संध्याकाळी पाणी उतरलं, तोवर गुरुजी गेले होते.

लोक म्हणाले, सरदारासारखे गेले. मला ते ऐकवत नाही. सरदाराला करार करायला निदान शत्रू तरी होता. आम्ही कुणाशी करायचा?

यंदा पुन्हा श्रावण आलाय. माझ्या बायकोचे दिवस भरत आलेत. बांबू तोडून ठेवलाय. काल खांदेकरी मोजले. चौघंच आहेत, आणि डोलीत दोन जीव.