न ओळखलेली खिरापत

आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाची मी चिटणीस होते. ज्या बैठकीत निवड झाली तिला मी गैरहजर होते, हीच माझी पात्रता. विश्रांतवाडीतल्या आमच्या त्या मंडळाचं वर्षभर काही ना काही चालायचं. संक्रांतीचं हळदीकुंकू, उन्हाळ्यात गच्चीवर पापड, श्रावणात मंगळागौर. पण खरा जोर नवरात्रातल्या भोंडल्याचा. खालच्या मोकळ्या जागेतल्या स्कूटर हलवायच्या, मधोमध पाटावर खडूनं हत्ती काढायचा (माझा हत्ती बघून पोरी विचारायच्या, "काकू, हे डुक्कर का?"), हात धरून फेर, गाणी आणि शेवटी खिरापत.

खिरापत म्हणजे त्या दिवशी जिची पाळी, तिनं घरून झाकून आणलेला खाऊ. डबा उघडण्याआधी बाकीच्यांनी तो ओळखायचा. आमच्याकडे मात्र पदार्थापेक्षा बाईच ओळखली जायची. कोकणातल्या वहिनींचा डबा दिसला की "नारळ!" असा एकच ओरडा. मी मांजरी गावची, उसाच्या मळ्यातली, तोंडातून अजूनही 'आहे'च्या जागी 'हाय' निसटायचं. मी आले की कुणीतरी म्हणे, "आला गूळ!" एकदा मुद्दाम इडल्या नेल्या, तर खाताखाता सगळ्या त्यातही गूळ शोधत होत्या. चिडवायच्या खऱ्या, पण खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं.

आमच्या शेजारी, मधे एकच भिंत, भाभी राहायच्या. बाकी आम्ही सगळ्या एकमेकींच्या वहिनी, आणि त्या तेवढ्या भाभी. असं का, हे कधी मनातही आलं नाही. वास्तविक त्या भवानी पेठेत जन्मलेल्या, माहेरचं पिढ्यानपिढ्यांचं बांगड्यांचं दुकान, आणि मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. भोंडल्याला दरवर्षी यायच्या. आम्ही तिसऱ्या कडव्याला गाणं विसरलो की त्याच पुढे न्यायच्या. फक्त खिरापतीची पाळी त्यांना कधी आली नव्हती. कुणी नको म्हटलं असं नाही, कुणी विचारलंच नाही. "विचारलं तर त्या अवघडतील," असं आम्ही म्हणायचो आणि आम्हीच अवघडून बसायचो.

त्या वर्षी भाभींनीच मला जिन्यात गाठलं.

"वहिनी, चिटणीस तुम्हीच ना? मग मला सांगा, मी मंडळात अजून किती वर्षं पाहुणी?"

"अहो, पाहुण्या कसल्या..."

"मग अष्टमी माझी," म्हणाल्या आणि पिशवी सावरत निघूनही गेल्या.

अष्टमीच्या दुपारी भिंतीपलीकडून हिंग-मोहरीच्या फोडणीचा खमंग वास आला. मी मनात म्हटलं, हा घरातला स्वयंपाक. खिरापत सकाळीच झाली असणार, दूध आटवून. हुशारीत मी कुणाला हार जात नाही.

संध्याकाळी भाभी ठेवणीतली साडी नेसून आल्या. डब्यावर विणलेला रुमाल. फेर झाला, गाणी झाली, आणि डबा दोन्ही हातांत धरून त्या मधे उभ्या राहिल्या. लहान मुलीसारखा चेहरा झाला होता. "ओळखा!"

सगळ्यांच्या मनात एकच शब्द होता, शीरखुर्मा. पण म्हणणार कोण? म्हटलं तर, यांच्या घरी दुसरं काही शिजतच नाही असं आम्ही समजतो, असं व्हायचं. म्हणून सगळ्या अगदी जपून बोलायला लागल्या.

"ढोकळा?"

"नाही."

"सँडविच?"

"नाही."

"केक?"

"भोंडल्याला केक?" भाभींनी विचारलं.

चिटणीस म्हणून मलाही काही बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "उपमा." का, ते देव जाणे.

त्यांनी डबा माझ्या कानाशी आणून हलवला. "वहिनी, नीट सांगा की. तुमची-माझी भिंत एक." आत काहीच वाजलं नाही. मी पुन्हा म्हटलं, "उपमाच."

भाभींचं हसू मावळत चाललं. कुणालाच ओळखता येत नाही म्हणजे खेळ त्या जिंकत होत्या, मग चेहरा का पडावा?

तेवढ्यात माई पुढे आल्या. मंडळातल्या सगळ्यांत वयस्कर, दुखऱ्या गुडघ्यांनी फेराचा वेग बिघडवणाऱ्या आणि तोंडाला लगाम नसलेल्या. "अगं, शीरखुर्मा असणार! ईदेला वाटीभर पाठवतेस, आज डबाभर आणलास. का तेवढाच येतो तुला?"

आम्ही सगळ्या हत्तीकडे बघायला लागलो.

आणि भाभी खळखळून हसल्या. "हरलात, माई!" त्यांनी झाकण काढलं. आत वाटली डाळ. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर. भोंडल्यातली सगळ्यांत नेहमीची खिरापत, पोरीसोरींनी झोपेत ओळखावी अशी. "आईची आहे. आमच्या आळीत भोंडल्याला तिचीच डाळ असायची."

"अय्या, किती छान!" आम्ही जरा जास्तच मोठ्यानं म्हणालो. डाळ खरंच सुरेख होती. खाताना मला काही सुधरेना. शीरखुर्मा म्हणायला हवं होतं का? चुकलं असतं. वाटली डाळ म्हणायला हवं होतं? ती तर, नाकाशी येऊनही, सुचली नव्हती. मग करायचं होतं तरी काय?

परतताना दाराशी मी धीर केला. "राग आला का हो?"

"कशाचा? जिंकले ना मी." किल्ली फिरवता फिरवता त्या थांबल्या. "माझ्याकडून केक आला असता तर ओळखला असतात, नाही?"

मी म्हटलं, "मीठ जरा कमी होतं."

"मीठ बरोबर होतं," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. वर्तमानपत्रातून डोकं न काढता हे म्हणाले, "सगळं समजलं. पण तू उपमा का म्हणालीस?"

नवमीला भाभी येतात की नाही, या धास्तीनं मी सगळ्यांच्या आधी खाली जाऊन बसले. आल्या. मी शेजारी जागा केली, हात पुढे केला. त्यांनी पाहिलं, मान डोलावली आणि पलीकडे जाऊन माईंचा हात धरला. माईंना आधार लागतो, म्हणून असेल. फेर सुरू झाला. माईंच्या चालीनं सगळा रेंगाळतच होता. समोरून त्या दोघी काहीतरी बोलून हसत होत्या, कशाला ते गाण्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.