मामाच्या मागावरचं इंग्रजी

इंग्रजांनी या देशाचा जेवढा छळ केला असेल, तेवढाच माझ्या मामानं इंग्रजीचा केला, आणि या दोन्ही छळांच्या मधे सापडले मी. आज माझ्या मुली लग्नाच्या झाल्या, तरी मामाचा विषय निघाला की माझं डोकं तापतं.

मामा शहरालगतच्या वडगावातला विणकर. त्याची स्वतःची शाळा इंग्रजी दुसरीत सुटलेली. पण खडेबाजारातून त्यानं एक जाडजूड जुना शब्दकोश पैदा केला होता आणि त्याच्या जोरावर भाचीला हायस्कूल पार करून द्यायचा विडा उचलला होता. माझे वडील खानापूरकडचे शेतकरी. मला शहरात ठेवायलाच ते तयार नव्हते. ‘ठेवतो,’ ते म्हणाले, ‘पर इंग्रजीत एकदा जरी नापास झाली, तर शाळा बंद आणि लगीन.’ मामानं ही अट माझ्या वतीनं हसत हसत मान्य केली. मला कुणी विचारलंही नाही.

शिकवणी मागावर चालायची. मामा मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून विणायचा आणि मी समोर बसून शब्द म्हणायचे, सूत घट्ट बसवणाऱ्या फणीच्या प्रत्येक ठोक्याला शब्दाचा एक तुकडा. शब्दाची किंमत तो ठोक्यांवर करायचा. पाच-सहा ठोके खाणारा शब्द म्हणजे उंची माल. एका ठोक्यात संपणारा शब्द तो चिंधीसारखा बाजूला टाकायचा. ‘हाऊस? लई बारका शब्द गं, गल्लीत कुणीबी म्हणंल. तू डॉमिसाइल म्हण. हॅबिटेशन म्हण.’ आमचे मास्तर साधे साधे शब्द वापरतात, असं मी रडकुंडीला येऊन सांगितलं, तर म्हणाला, ‘त्यास्नी मोठे येत नसतील.’ असा राग यायचा, की मागाचे सगळे दोर कापून टाकावेत. बरं, हे वेड घरापुरतं राहावं, तर तेही नाही. एकदा मच्छे गावचा एक शेतकरी मुलीच्या लग्नाची लुगडी घ्यायला आला. मामानं काठावर बोट फिरवत ‘मॅग्निफिसन्स’ म्हटलं. हा भाव चढवण्याचा नवा प्रकार दिसतो, असं समजून तो उठून शेजारच्या विणकराकडे गेला. मामीनं जेवायला हाक मारली की याचं उत्तर ‘इम्पॉसिबिलिटी’. ‘व्हय? मग तुमचा भात म्हशीला घालते,’ एकदा मामी म्हणाली आणि खरोखरच घातला. त्या दिवशी मी मामीकडून दोनदा भात मागून घेतला.

वार्षिक परीक्षेत तोंडी घ्यायला बाहेरचे एक साहेब आले. त्यांनी इंग्रजीत विचारलं, तुझं घर कुठं आहे? उत्तर साधं होतं, पण त्यासाठी लागणारे बारके शब्द आमच्याकडे कधीच बाजूला पडले होते. मी टेबलावर मूठ आपटत, ठोक्यावर म्हणाले, ‘रेसिडेन्स. डॉमिसाइल. हॅबिटेशन.’ वर्ग हसला. साहेबांना वाटलं, मी त्यांची चेष्टा करते आहे. मी नापास झाले.

निकाल कळताच वडील बैलगाडी घेऊन आले. माझी ट्रंक त्यांनी स्वतः गाडीत टाकली. मामा मागावरून तसाच उठून बाहेर आला, डोक्याला सुताचे कण लागलेले, आणि बैलांच्या समोर उभा राहिला.

‘दाजी, नापास मी झालोय, पोरगी न्हाय. मी सांगितलं ते समदं तिनं पाठ केलं. एक साल ठेवा. मी तोंड उघडणार न्हाय, चांगला मास्तर लावतो.’

‘बाजूला हो,’ वडील म्हणाले.

तो हलला नाही. जुवावर हात ठेवून उभाच राहिला. शेवटी वडिलांनी गाडीतून उतरून त्याला खांद्याला धरून बाजूला सारलं. ज्या गल्लीत त्याला कुणी अरे म्हणत नसे, ती सगळी गल्ली दारात उभी राहून बघत होती.

त्याच वैशाखात माझं लग्न झालं, निपाणीच्या तंबाखूवाल्या घरात. मामा दर दिवाळीला लुगडं घेऊन यायचा आणि ओट्यावर बसून चहा प्यायचा. इंग्रजी शब्द त्याच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही. आता तोही नाही. माझा राग मात्र आहे. शाळा माझी होती आणि ती त्यानं बुडवली. पण आमच्या दोन्ही घरांत मिळून एवढी माणसं होती, आणि मी शाळेत राहावं म्हणून बैलांपुढं उभा राहिला तो एकटा.