गुगलवर आजा पहिला आला

मित्रांनो, मस्कतमध्ये ड्युटी संपवून सायबर कॅफेत बसलोय. थकलोय, पण सांगतो.

भिवंडीजवळ वडप्याचं आमचं गोडाऊन रिकामं पडलंय. ते भाड्याने गेलं की मी इथली नोकरी सोडून घरी येणार. म्हणून नववी नापास असूनही शिकून शिकून वेबसाइट बनवली. बाबांच्या हट्टाने पानाच्या माथ्यावर आज्याचं नाव टाकलं, 'काथोड कंपाउंड'. पण गोडाऊन शोधणारा माणूस आज्याचं नाव कशाला टाकेल? तो 'भिवंडी गोडाऊन भाड्याने' टाकतो.

मागच्या महिन्यात तेच शब्द वर घेतले, तर बाबा फोनवर तापले. "जमीन ज्याची, त्याचाच नाव काढला? गुगल काय आपल्या गावचा हाय?"

मग आज्याला वेगळं पान करून दिलं.

आज दोन्ही पानं गुगलवर शोधून बघितली. गोडाऊनचं पान इतकं मागे, की तिथवर कोणी जाणार नाही. आज्याचं नाव टाकलं तर आम्ही सगळ्यात वर.

बाबांना फोन लावून आज्याचं सांगितलं. ते म्हणाले, "बघ, बोललो व्हतो ना? आजा पयला आला."

मी हो म्हटलं. ते नाव शोधणारा मी एकटाच आहे, हे काही सांगवलं नाही. तुम्ही सांगितलं असतं का?