ताईंच्या हातचं कुंकू

त्या बुधवारी सकाळी मी आमच्या कुलदेवीशी, रेणुकाईशी भांडलो. भांडण एकतर्फी होतं, कारण मी बोलायला लागलो की घरात जिवंत माणसांना संधी मिळत नाही, तिथे भिंतीवरच्या फोटोला कुठून मिळणार. माझा मोठा भाऊ अण्णा, त्याच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा त्याला तीर्थपुरीहून जालन्याला डायलिसिसला न्यायचं काम आमच्या जुन्या जीपचं. सोमवारी परतताना गाडी खड्ड्यात आपटली, मागचा एक्सल मोडला आणि एक चाक रुसलेल्या जावयासारखं बाहेर तोंड करून बसलं. पुढची पाळी गुरुवारी. लग्नसराईत गावातली एकही गाडी मोकळी नव्हती आणि एसटीची पायरी अण्णाच्या सुजलेल्या पायांना चढवत नव्हती. पाळी चुकली की त्याच्या छातीत पाणी भरतं, हे मी एकदा पाहिलेलं होतं. दर नवरात्रात तुझ्या दर्शनाला पिंपळगावला येतो ते हेच बघायला का, असं मी फोटोतल्या आईला विचारत होतो. पलंगावरून अण्णा म्हणाला, "तिला एक्सल बनवता येत न्हाई. भंगारवाल्याकडं जाय."

जालन्यात जुन्या गाड्या मोडून विकणारे एक चाचा आहेत. त्यांनी पुढून चेपलेली एक जीप दाखवली. मागची बाजू शाबूत होती. त्यांनी चाकांवर खडूने खुणा केल्या, दोन्ही चाकं एक फेरा फिरवली आणि मधल्या शाफ्टचे फेरे मोजले. आमच्या मिस्त्रीने सांगितलेला आकडा जुळला, म्हणजे एक्सल आमच्या जीपला बसणार होता. "बिलकुल बराबर," चाचा म्हणाले, "स्प्रिंगचे पाटे तेच, एक्सलवरचे ब्रेक तेच. दुपारच्या टेम्पोत टाकतो, मिस्त्री आजच बसवील."

आमच्याकडे जुना भाग घेताना आधी एक विचारायचं असतं. मी विचारलं, "गाडीत माणूस गेलेलं हाय का?"

चाचांना खोटं बोलता आलं असतं. "हां. ड्रायव्हर," ते म्हणाले.

मी हात मागे घेतला. आजारी माणसाला अशा एक्सलवर बसवायचं? दुसरीकडे शोधलं, कुठेच मिळाला नाही. परत येऊन त्याच आवारात लिंबाखाली बसलो. आयुष्यभर गप्पांवर जगलेला मी, त्या वेळी माझ्याकडे देवीला सांगायलाही शब्द उरला नव्हता.

तेवढ्यात माझ्याच वयाच्या एक बाई कापडी पिशवी घेऊन आल्या. मेलेल्या ड्रायव्हरची त्या बायको. जीपच्या काचेमागे बसवलेला रेणुकाईचा छोटा पितळी मुखवटा न्यायला त्या आल्या होत्या. चाचांनी स्क्रू सोडवून तो त्यांच्या हाती दिला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "यांना काय झालं?"

"एक्सल पाहिजे, पर गाडीत माणूस गेल्ता म्हणून घेईनात," चाचा म्हणाले. मला मान वर करवेना.

"दादा," त्या म्हणाल्या, "मालकांच्या छातीत कळ आल्ती. तरी त्यांनी ब्रेक सोडला न्हाई. गाडी बाभळीला जाऊन थांबली. मागं बाजारची नऊ माणसं होती, सगळी आपल्या पायानं घरी गेली." मग विचारलं, "तुम्हाला कोणाला न्यायचंय?"

मी अण्णाचं सांगितलं.

"मंग न्या की. गाडी तरी इथं उभी राहून काय करून राह्यली?"

त्यांनी पिशवीतून मुखवट्यासाठी आणलेली हळद-कुंकवाची पुडी काढून माझ्यापुढे धरली. "बसवायच्या आधी वहिनीच्या हातून लावा. सवाशीण पाहिजे."

"ताई, तुम्हीच लावा," मी म्हणालो. हे मी ठरवून बोललो नाही.

"मी कशी लावू?"

"तुमच्या मालकांचा ब्रेक हाय तो."

त्यांनी मुखवटा पिशवीत नीट ठेवला. मग वाकल्या आणि त्या तेलकट लोखंडाला हळद-कुंकू लावलं. चाचांनी डोक्यावरची टोपी उगाचच नीट केली. मी एक्सलला हात जोडले, पण नमस्कार नेमका कुणाला पोचला हे मला सांगता येणार नाही.

गुरुवारी अण्णाला वेळेवर मशीन लागलं. घरी येताना अंबडजवळ तो म्हणाला, "गाडी आवाज करीना. तूबी गप. दोघांना काय झालं?"

देवीने काही केलं की ती बाई फक्त आपली वस्तू न्यायला आली होती, यावर मी आता वाद घालत नाही. काय शुभ, काय अशुभ, हे मी निवडणार होतो. ती निवड माझ्या हातून काढून घेतली गेली, म्हणून भाऊ घरी आहे. त्या गडबडीत बाईंचं नाव विचारायचं राहिलं. आता रोज सकाळी देवीच्या फोटोपुढे उभा राहतो तेव्हा "आई" म्हणायला जातो आणि तोंडातून "ताई" निघतं. मी ते दुरुस्त करत नाही.