नाक शिंकरू नये

चहा तोंडाने पिऊन तो नाकाने परत करणारा परवानाधारक अर्जनवीस आर्वी तहसिलीच्या आवारात मी एकटाच होऊन गेलो. या गोष्टीला बरीच वर्षे लोटली. तथापि आवारातील चहावाला आजही मला कप देताना एक पाऊल मागे सरतो.

माझे शिक्षण नववी. (दहावीच्या दारात गणिताने माझा अर्ज नामंजूर केला.) परंतु शुद्धलेखनात मी कोणाचे ऐकून घेतलेले नाही. ज्या कागदात ऱ्हस्व-दीर्घाची चूक आढळेल, तो माझ्या हातचा नव्हे असे खुशाल समजावे. माझा दुसरा नियम असा, की अर्ज पूर्ण झाल्यावर तो पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवायचा, "समजलं का?" असे तीनदा विचारायचे, आणि मगच सही किंवा अंगठा घ्यायचा. न वाचता सही करणाऱ्या कित्येक शिकलेल्यांना मी चारचौघांत झाडलेले आहे.

तर, उजवीकडची वरची दाढ किडली म्हणून सौभाग्यवतीसह वर्ध्याच्या एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. दाढ काढून झाल्यावर म्हणाल्या, "काका, तुमच्या दाढेची मुळं सायनसला टेकली होती. म्हणजे गालाच्या हाडात नाकाला जोडलेली पोकळी असते ना, तिला. आता मध्ये फक्त पापुद्रा उरलाय. या कागदावरच्या सूचना पंधरा दिवस पाळा. नीट वाचा बरं."

बाहेरच्या बाकावर बसून मी कागद वाचला. वाचला म्हणजे, तपासला. सात ओळी आणि पाच चुका. "नाक शिंकरु नये" यातला "रु" चक्क ऱ्हस्व! मी खिशातले लाल पेन काढले. "शिंकरु"चे "शिंकरू" केले, "थुंकु"चे "थुंकू" केले, "तपकिर" दीर्घ करून दिली, खाली "तपासले" असा शेरा मारून सही केली, आणि तो कागद सन्मानपूर्वक काउंटरवर परत करून आलो.

"अवो, कागद काऊन वापस केला?" परतीच्या एसटीत सौभाग्यवतीने विचारले.

"शुद्ध करून दिला."

"अन् त्याच्यात लिवलं काय होतं?"

"चुका," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी कामावर बसलो. सकाळची तपकीर ओढली, तोच समोरून नायब तहसीलदार आले. साहेबांसमोर शिंकणे अप्रशस्त, सबब तोंड घट्ट मिटून शिंक आतल्या आत दाबली. साहेब गेल्यावर नाक जोर लावून साफ केले. गालाच्या आत काहीतरी फुस्स झाले. मी दुर्लक्ष केले व चहा मागविला. समोर रोहणा गावच्या सकूबाई बसलेल्या, रेशनकार्डात सुनेचे नाव चढवायचा त्यांचा अर्ज माझ्यापुढे. पहिल्याच घोटाचा अर्धा भाग नाकपुडीतून थेट सुनेच्या नावावर पडला.

"बाबूजी," सकूबाई शांतपणे म्हणाल्या, "च्या तं नाकातून येऊन राह्यला."

अर्ज पुन्हा लिहिला. लिहायला मान वाकवली की डोळ्याखाली असा ठणका उठे, जणू कोणी आतून गाल दाबत आहे. मग अर्ज वाचून दाखवू लागलो. अर्धे शब्द तोंडातून निघाले, अर्धे नाकाच्या वाटेने गेले.

"समजलं का?"

"नाई समजलं, जी," सकूबाई म्हणाल्या. पुन्हा वाचला. त्यांनी कागद हळूच उचलला. "ऱ्हाऊ द्या. तिकडच्या टेबलावर वाचून घेतो."

ठणका मी सहन केला असता. पण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या माणसांसाठी कागद म्हणजे माझा आवाज. तो गेला, तर उरतात फक्त टेबल आणि शाईचा पॅड.

दुसऱ्याच दिवशी वर्धा गाठले. जाताना अर्ज लिहून नेला. विषय : रिकाम्या जागी तत्काळ स्क्रूचा दात बसवून मिळणेबाबत.

डॉक्टरीणबाईंनी गाल दाबून पाहिला, मग अर्ज वाचला. "काका, सायनसमध्ये भोक पडलंय, आत पू झालाय. आधी औषध, मग टाके घालून ते बंद करायचं. इम्प्लांटच्या स्क्रूला धरायला हाड लागतं, ते तुमच्याकडे नाही. सहा महिन्यांनी एक्स-रे काढू. मग हाड भरून इम्प्लांट, नाहीतर शेजारच्या दातांवर ब्रिज, नाहीतर जागा तशीच."

"जागा तशीच राहिली तर वाचताना शब्द सांडतील."

"शब्द दाढेच्या जागेतून सांडत नाहीत. भोकातून सांडताहेत. तुम्ही नाक शिंकरलं होतं?"

"बाई," सौभाग्यवती मध्येच म्हणाली, "यायनं त्या दिवशी वापस केला तो कागद हाये का?"

होता. डॉक्टरीणबाईंनी तो खणातून काढून माझ्यापुढे ठेवला. माझ्याच लाल शाईत, दीर्घ "रू"सह, स्वच्छ लिहिलेले होते : नाक शिंकरू नये. वाक्य निर्दोष होते. खाली "तपासले" हा माझाच शेरा होता, सहीसह. जगाला तीनदा "समजलं का" विचारणाऱ्या मी स्वतःला ते एकदाही विचारले नव्हते.

टाके घातले त्या दिवशी सूचनांचा नवा कागद मिळाला. सौभाग्यवतीने आधी माझ्या खिशातले लाल पेन काढून घेतले.

"आता वाचून दाखवा. मोठ्यानं."

वाचला.

"समजलं का?"

तिने तीनदा विचारले. तिसऱ्यांदा मी खरोखर विचार करून "समजलं" म्हणालो.

"मंग अंगठा द्या."

"अगं, मला सही येते."

"सही तं त्या दिवशी बी आली होती."

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबत शाईचा पॅड पुढे सरकवला.

पंधरा दिवस नाकाला आणि तपकिरीच्या डबीला स्पर्श केला नाही. भोक बुजले, आवाज परत आला. सहा महिन्यांनी एक्स-रेत हाड पातळच निघाले. आत हाड भरूनही इम्प्लांट बसवता येईल, असे डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितले. मी तीनही पर्याय कागदावर उतरवून घरी मोठ्याने वाचले, त्यांवर रात्रभर विचार केला, आणि जागा मोकळी ठेवायचे ठरवले. कारण त्या आठवड्यात सकूबाई दुसरा अर्ज घेऊन आल्या होत्या. मी वाचला, विचारले, आणि त्या म्हणाल्या, "समजलं, जी."

टाक्यांच्या दिवशीचा तो सूचनांचा कागद आजही माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत. मी त्यांना हात लावलेला नाही. अंगठा तेवढा लावला आहे.