पट्टीखालचा आकडा

मी मोबाइलवरचे गेम बनवते. हे नातेवाइकांत सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे दिवसभर खेळते?" पूर्वी मी समजावत बसायचे. आता "हो" म्हणते आणि चहा घेते.

पडेगावातला आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा. पुढच्या खोलीत माझं टेबल, त्यावर कॉम्प्युटर, आणि टेबलाला खेटून कूलर. कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू मी कायमची काढून ठेवली आहे, कारण आतलं ग्राफिक्स कार्ड तापतं आणि तापलं की रुसतं. मे महिन्यात कूलरचं तोंड माझ्याकडे करायचं की कार्डाकडे, याचा निर्णय रोज दुपारी घ्यावा लागतो. कार्ड जिंकतं. मी मानेवर ओला नॅपकिन टाकून बसते. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, आणि त्यातलं बरंचसं हा कूलर पितो, हे आई येताजाता ऐकवत असते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये मी गेम जोडते ते मधूनच बंद पडतं आणि नम्रपणे विचारतं, काय झालं ते आम्हाला कळवाल का? सुरुवातीला मी कळवायचे. फार सविस्तर कळवायचे.

त्या उन्हाळ्यात मी मेंढरांचा गेम करत होते. कळप घेऊन माळामाळानं फिरायचं, चारायचं, कोकरं वाढवायची, संध्याकाळी जाळीत कोंडायचं. पुण्यातल्या एका कंपनीनं थोडासा बघून सांगितलं होतं की आवडला, पण कळप खरा वाटला पाहिजे. आता खरा कळप कसा चालतो हे सांगणारा माणूस माझ्याच घरात, गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला होता. अडचण इतकीच होती की तो बोलत नव्हता.

तो माणूस म्हणजे अण्णा, माझे वडील. हयात मेंढरांमागं गेली. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी जवाब दिला. कळप चितेगावकडच्या चुलत काकांच्या हवाली करून अण्णा शहरात आमच्याकडे आले, आणि आल्यापासून दौलताबादच्या रस्त्यावरच्या गाड्या बघत बसले. जेवायला हाक मारली की जेवायचे. कुणी मेंढरांचा विषय काढला की उठून आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. आई मला म्हणायची, "असंच चाललं तर हा माणूस बसल्या जागी संपल बघ." मला तेच वाटत होतं, पण मी म्हणायचे, काही होत नाही, सवय होईल.

एक दिवस मी काही न बोलता माझा चाचणीचा फोन त्यांच्या हातात दिला. हा फोन जुना, काच एका कोपऱ्यात तडकलेली. यावर चालला तर गेम कुठंही चालतो. अण्णांनी तो लांब धरून बराच वेळ बघितला.

"ही कुणाची मेंढरं?"

"माझी. मी बनवली."

"शाळंतल्या पोरांवानी चालायलीत. येकीचा येकीला धक्का नाय. कामून?"

मी सांगितलं की प्रत्येकीनं शेजारणीपासून ठरावीक अंतर ठेवावं असा नियम मी लिहिला आहे. अण्णांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "मेंढरू कसलं अंतर ठिवतंय? ते फुडचीच्या ढुंगणाला तोंड लावून चालतंय. अन् दुपारी ऊन लागलं की येकमेकीच्या पोटाखाली डोस्कं घालून हुबं ऱ्हातंय. तुला लहानपणी दिसलं नाय व्हय?"

दिसलं होतं. मी विसरले होते. मी मुकाट्यानं तो नियम खोडला.

त्या दिवसापासून फोन अण्णांकडेच राहिला. सकाळी चहा झाला की गॅलरीत बसून ते कळप सोडायचे. गेममध्ये सुरुवातीला तीनच मेंढरं मिळतात. अण्णांनी त्यांचा कळप वाढवला. कोकरू झालं की आत येऊन आईला सांगायचे. जेवताना सांगायचे, की लंगडी मागं राहती, तिच्यासाठी सगळ्यांना थांबवावं लागतं. दुपारी जेवायला हाक मारली की म्हणायचे, "थांब, ह्यांना सावलीला लावतो." आई म्हणायची, "घरात दोन दोन मेंढपाळ, अन् दूध पिशवीचं." पण ती खुशीत होती. अण्णांनी भिंतीकडे तोंड करून पडणं बंद केलं होतं. खरं सांगायचं तर पुण्याच्या कंपनीपेक्षा मला या गोष्टीचं जास्त वाटत होतं.

एकच काम मी अण्णांवर सोपवलं होतं. फोनच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात कळपात किती मेंढरं आहेत तो आकडा दिसायचा. रोज संध्याकाळी त्या आकड्यावर बोट ठेवायचं. ठेवलं की त्या दिवशीच्या कळपाची एक प्रत आपोआप माझ्या कॉम्प्युटरवर येते. फोनला काही झालं तरी कळप सुखरूप. अण्णा म्हणाले, "व्हय." मी समजले, झालं.

पुण्याला गेमची नवी आवृत्ती दाखवायची होती त्याच्या आदल्या दिवशी सकाळी, अण्णांची अंघोळ होईपर्यंत, मी त्यांचा कळप सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तो फोन कामाला घेतला आणि माझ्या पद्धतीप्रमाणे जुना गेम पूर्ण काढून नवा टाकला. ही माझी शिस्त आहे. जुन्याचे अवशेष राहिले की नव्यात भलत्या चुका निघतात, म्हणून आधी सगळं साफ. या शिस्तीचा मला अभिमान होता. फोन गॅलरीत परत ठेवला आणि मग अण्णांचा कळप नव्या गेममध्ये आणायला कॉम्प्युटरवर त्यांच्या प्रती उघडल्या. प्रत एकच होती. पहिल्या दिवशीची, कसं करायचं ते दाखवताना मी स्वतः बोट ठेवलेली. तिच्यात तीन मेंढरं.

मी गॅलरीत जाऊन फोन उलटसुलट केला. वरच्या कोपऱ्यात, जिथं काच तडकलेली होती तिथं, वायरमन लोक लावतात तसल्या काळ्या चिकटपट्टीचा तुकडा होता. मी तो रोज बघत होते. मला वाटत होतं, बोटाला काच लागू नये म्हणून अण्णांनी लावला असेल. मी पट्टी सोलली. खाली आकडा होता.

आणि मग मला ते आठवलं. आमच्यात कळप मोजत नाहीत. मोजला की घटतो. अण्णा संध्याकाळी जाळीच्या तोंडाशी उभे राहायचे आणि एकेक मेंढरू आत जाताना नुसतं बघायचे. कुठली आली नाही ते त्यांना तोंडांवरून कळायचं. लहानपणी मी एकदा बोट नाचवत एक, दोन, तीन केलं तेव्हा माझ्या हातावर चापट बसली होती. तीच मी, त्याच माणसाच्या डोळ्यांसमोर कळपाचा आकडा दिवसभर लटकवत ठेवला होता, आणि वर रोज त्यावर बोट ठेवा म्हणून सांगितलं होतं. त्यांनी मला एका शब्दानं दुखावलं नाही. पट्टी लावली आणि कळप सांभाळला.

आमच्या धंद्यात चूक झाली की ती प्रोग्रामच्या कुठल्या ओळीत आहे ते शोधतात. मी शोधलं. माझ्या ओळीत होती.

पट्टी होती तशी परत चिकटवून मी सकाळभर टेबलापाशी बसून राहिले. अण्णा अंघोळ करून, चहा पिऊन गॅलरीत गेले. मला तिकडे बघवेना. ते उठून आत येतील आणि भिंतीकडे तोंड करून पडतील, याची वाट बघत मी बसले होते. ते आले नाहीत. शेवटी दुपारी मीच गेले.

"अण्णा, तुमचा कळप माझ्याकडून पुसला गेला. सगळा. परत येत नाही."

"सकाळीच बघितलं म्या."

"मग बोलला का नाही?"

"ही तीन हायेत नं उपाशी." त्यांनी फोनवरची नजर काढली नाही. "त्यांचा काय गुन्हा? आधी चारून आणली."

मला रडू आलं. मी रडले. मग नाक पुसून विचारलं, की तुम्हाला तुमची मेंढरं आठवतात का? एकेक सांगितलं तर मी तशीच पुन्हा लिहून काढू शकते. अण्णांनी मान वर केली आणि मघाशी मोबाइलमधल्या मेंढरांकडे बघत होते तितक्याच दयेनं माझ्याकडे बघितलं. आठवतात का, हा काय प्रश्न झाला.

आम्ही आत येऊन बसलो. मी कूलरचं तोंड अण्णांकडे केलं. कार्ड तापलं तर तापू दे. ते डोळे मिटून सांगू लागले आणि मी टाइप करू लागले. लंगडी. तिचं कोकरू, कपाळावर पांढरा ठिपका. तुटक्या कानाची. सगळ्यात आधी पाण्याला पळणारी. ते सांगायचे, मी लिहायचे, किती झाली ते मी मोजलं नाही. एकदाही बघितलं नाही. आई दारात येऊन उभी राहिली आणि तिथंच ऐकत थांबली.

"काळी, दोन्ही कान भुरे," अण्णा म्हणाले. "लई खट. तुझी गणिताची वही खाल्ली होती बघ, त्यावरनं तू दिवसभर जेवली नव्हतीस."

माझी बोटं थांबली. गेममध्ये वही नाही. भुरे कान नाहीत. मी मेंढराला फक्त चार रंग दिले होते. ती काळी आमच्या खऱ्या कळपातली होती, मी चौथीत असतानाची, आणि केव्हाच मेली होती. अण्णा कधीपासून त्या कळपातली सांगत होते ते मला कळलंच नव्हतं. मी वर बघितलं. आईनं मला मानेनंच खूण केली, लिही.

मी पाचवा रंग केला. भुरे कान लिहिले. पुढं लिहिलं, वही खाते.

"झालं का लिहून?" अण्णांनी डोळे न उघडता विचारलं. "आता तिची माय घे."