वहिनीच्या वहीतलं नाव

इथले गूढ अनुभव मी दोन-तीन वर्षं वाचतेय, पण कधी साधी कमेंटही केली नाही. खरं सांगायचं तर बरेचसे वाचून मनात म्हणायचे — झोप झाली नसेल बिचाऱ्यांची. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. शाळा इंग्लिश मीडियमची, मराठी लिहायची सवय नाही, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

आम्ही सोलापूरचे. दादा एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, वहिनी अक्कलकोटची. गेल्या वर्षी त्यांना मुलगी झाली, सातव्या महिन्यातच. बाळ तिसऱ्या मजल्यावर एनआयसीयूत आणि वहिनी पहिल्या मजल्यावर. तिचं बीपी उतरत नव्हतं, म्हणून उठायला बंदी. दुपारी बाळाजवळ मी जायचे.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावं येत होती — कियारा, विहाना, अजून काय काय. मला 'शेवंती' आवडलं होतं. इतकं जुनं नाव सुचवलं तर सगळे हसतील, म्हणून कुणालाच बोलले नाही. त्यात आईचा धाक. "सुचवा काय ते. पण बारशाच्या आधी बाळाला नावानं हाक मारायची न्हाय हं कुणी."

आठव्या दिवशी दुपारी, तीन वाजून गेले होते, नर्सने मला बाळाच्या काचेच्या पेटीत हात घालू दिला. बाळाने माझं बोट धरलं. एवढासा जीव, पण पकड अशी की... मला राहवलं नाही. मास्कमधूनच, पेटीच्या गोल खिडकीला तोंड लावून मी म्हटलं, "कुर्रर्र... शेवंती." नर्स पार पलीकडच्या टोकाला होती. मशीनची बीप-बीप चालू होती.

दहाव्या दिवशी सकाळी ती गेली.

हॉस्पिटलच्या कागदावर फक्त 'बेबी ऑफ' आणि पुढे वहिनीचं नाव. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "नाव ठेवलं नव्हतं ते एक बरं, माया कमी लागती." वहिनी मान खाली घालून ऐकायची. दादा डबल ड्युटी करू लागला, घरी आला तरी बोलायचा नाही. आणि मी... मी आधीच नाव घेतलं म्हणून असं झालं, हे मनातून जात नव्हतं. सांगणार कुणाला?

पाच महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, मी वहिनीला कपाट आवरू लागत होते. साड्यांखाली एक छोटी वही सापडली. हॉस्पिटलमध्ये ती दूध काढून वर बाळाला पाठवायची, त्याची वही. मी सहज चाळली. 'सकाळी ७, बाळासाठी, १० मिली.' 'सकाळी ११, बाळासाठी.' मग आठव्या दिवशी दुपारी सव्वातीनला —

'शेवंतीसाठी, १५ मिली.'

तिथून शेवटपर्यंत प्रत्येक ओळीत शेवंतीसाठी.

"वहिनी, हे नाव...?"

तिने वही ओढूनच घेतली. "आईंना सांगू नका हं ताई. चुकलं माझं. त्या दुपारी जरा डोळा लागला होता, तर कुणीतरी कानात कुर्र केल्यागत वाटलं. जागी झाले तर तोंडात हेच नाव. लिहून बसले हो मी, बारशाच्या आधी... म्हणून गेली माझी पोरगी."

एक वाक्य बोलायचं तरी मी चारदा विचार करते. पण त्या दिवशी सगळं भडाभडा सांगून टाकलं.

वहिनीने वही खाली ठेवली. "आत्यानं सांगितलं? खरंच तिच्या कानात?"

"हो."

"मग झालं की हो तिचं बारसं!" आणि बारशात आत्याने नाव सांगितलं की बायका घालतात ना, तसे धपाधप बुक्के तिने माझ्या पाठीत घातले. रडत होती, हसतही होती. "कियारा-फियारापेक्षा लई चांगलं हाय की!"

आवाज ऐकून दादा आणि आई दोघंही आले. वहिनीने सांगितलं. दादा खालीच बसला. वहीतल्या ओळींवरून बोट फिरवत एकदाच म्हणाला, "शेवंती." मग रडला. ती गेल्यापासून पहिल्यांदा.

आता आई ओरडणार, असं आम्हा दोघींना वाटलं. ती म्हणाली, "नाव घेतल्यानं कुणी जात नसतंय. येड्या का खुळ्या तुमी? मनात घेऊन बसल्या इतके दिवस! मला सांगायचं न्हाय व्हय? घुगऱ्या तरी केल्या असत्या." आणि डोळे पुसत हरभरे भिजत घालायला गेली.

मी खूप विचार केला. ते नाव मी कधी टाइपसुद्धा केलं नव्हतं. आमच्यात दोन मजल्यांचं अंतर होतं आणि वहिनी पलंगावरून हललेली नव्हती. योगायोग म्हणावा, तर वेळही तीच कशी?

आता कुणी मुलाबाळांचं विचारलं, की वहिनी मान वर करून सांगते, "एक मुलगी होती आमाला. शेवंती." दादा शेजारी असला तर तोही सांगतो, दहा दिवसांची होती म्हणून. ज्याने कुणी माझा आवाज खाली वहिनीपर्यंत पोचवला, त्याचे आभार कुठे मानायचे ते मला माहीत नाही... म्हणून इथे लिहिलं.